पामटॉपची मोडी

खिशात मावणारा जुना संगणक दुरुस्त करून पुन्हा चालू करण्याच्या खटाटोपाकडे समाज दोनच दृष्टींनी पाहतो. काहींना ती गतकाळात रमणाऱ्यांची हौस वाटते. बाकीच्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, कारण त्या यंत्राची सगळी कामे आजचा मोबाइल करतो आणि ते भंगारात गेले तरी कोणाचे काही अडत नाही. ही मते परस्परविरोधी दिसली तरी दोन्हींचे गृहीतक एकच आहे: यंत्राचे मोल त्याच्या उपयोगात असते आणि उपयोग संपला की मागे राहते ती नुसती वस्तू. प्रस्तुत लेख हे गृहीतक नाकारतो. पामटॉप, डिजिटल डायरी, पीडीए अशा नावांनी १९९० च्या दशकात ओळखली गेलेली ही यंत्रे मुळात लेखनाची साधने होती. त्यांत साठवलेला मजकूर वाचण्याची रीत त्या यंत्रांबरोबरच नाहीशी होत आहे, आणि ती टिकवणे हे जुनी मोडी लिपी वाचता येण्याच्या जातीचे काम आहे. म्हणून त्याचा भार एकट्यादुकट्या हौशी माणसावर न टाकता, वाचनासाठीच स्थापन झालेल्या संस्थांनी तो उचलायला हवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ज्या पट्ट्यात उभे आहे, तेथे हा प्रश्न उपस्थित करण्याला विशेष अर्थ आहे.

१. झिजणे वेगळे, कालबाह्य होणे वेगळे

यंत्र निकामी होण्याच्या दोन वाटा असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा विचार घसरतो. पहिली वाट झिजेची आहे: सेल गळतो, तार तुटते, पडदा फिका पडतो. दुसरी वाट संबंध तुटण्याची आहे: यंत्र धडधाकट असते, पण त्याच्याशी बोलणारा टेबलावरचा संगणक, त्यावरची प्रणाली आणि ती जाणणारी माणसे एकेक करून बाजूला होतात. ‘कालबाह्य’ हा शब्द बहुधा या दुसऱ्या प्रकाराला लावला जातो आणि त्यामागे काळाची गती नव्हे, तर कोणाचा तरी निर्णय असतो.

पाम कंपनीच्या ‘पायलट’ या यंत्राचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रावर लिहिण्यासाठी ‘ग्राफिटी’ नावाची रीत होती, जिच्यात रोमन लिपीचे जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच फटकाऱ्यात काढायचे असे. ‘ए’ची आडवी रेघ गाळून नुसते छप्पर काढले की ‘ए’ उमटे. शिकायला थोडा वेळ लागणारी ही रीत एकदा हातात बसली की पडद्याकडे न पाहताही लिहिता येई. झेरॉक्स कंपनीने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा १९९७ मध्ये लावला आणि २००३ मध्ये पामने ग्राफिटी सोडून दुसरी पद्धत आणली. असंख्य लोकांच्या हाताचे वळण अशा रीतीने मोडले गेले, आणि त्याचे कारण त्या पद्धतीचा दोष नसून न्यायालयातील वाद हे होते.

ॲपलच्या ‘न्यूटन’ची कथा याच्या उलट बाजूने हेच सांगते. १९९३ मध्ये आलेल्या या यंत्राचे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. त्याच्या प्रणालीत वेळ मोजण्याची एक रीत १९९३ च्या आरंभापासून उलटलेल्या सेकंदांवर आधारलेली होती आणि त्या आकड्यासाठी राखलेली जागा ५ जानेवारी २०१० रोजी भरून जाणार होती, म्हणजे त्या दिवसापासून तारखांचा हिशेबच कोलमडणार होता. कंपनीने यंत्राकडे पाठ फिरवून तोवर बारा वर्षे झाली होती. तरीही यंत्र वापरणाऱ्यांपैकीच एका जाणकाराने दुरुस्ती लिहून ती सर्वांना खुली केली आणि न्यूटन चालत राहिले. जे यंत्र कंपनीच्या निर्णयाने मेले ते वापरणाऱ्यांच्या निर्णयाने जगू शकते, तेव्हा त्याला कालबाह्य म्हणणे हे वर्णन नसून एका पक्षाची बाजू घेणे ठरते.

२. रचनेत गोठलेला विचार

डोंबिवली ते मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आणि कल्याणहून आणखी थोडे जास्त आहे. हा प्रवास रोज उभ्याने करणाऱ्या माणसाचा एक हात कडीत अडकलेला असतो, दुसरा मोकळा असतो आणि मनात आलेली गोष्ट टिपून ठेवायला गर्दीच्या दोन लाटांमधली काही क्षणांची उसंत मिळते. यंत्राची रचना या परिस्थितीच्या कसोटीवर तपासली की पामटॉप घडवणाऱ्यांनी कशाचा विचार केला होता ते उमगते. पायलटचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्यापूर्वी त्याच्या आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात बाळगला आणि बैठकांमध्ये तो काढून त्यावर लिहिल्याचा आविर्भाव करून पाहिला, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या ठोकळ्यातून जे यंत्र आले त्याला खाली चार बटणे होती: दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणवही. बटण दाबताक्षणी ते पान समोर येई, सुरू होण्याची वाट पाहावी लागत नसे, आणि दोन बारीक सेलांवर यंत्र कित्येक आठवडे चाले.

हे सगळे १६ मेगाहर्ट्‌झ वेगाच्या प्रोसेसरवर आणि पहिल्या मॉडेलमधील अवघ्या १२८ किलोबाइट स्मृतीत साधले होते. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र त्याच्या अनेक पट जागा घेते. साधन कमी असताना कशाला नकार द्यायचा, हे ज्ञान त्या प्रणालीच्या प्रत्येक पडद्यात साठलेले आहे. ते ज्ञान पुस्तकातून अर्धेच कळते. तमाशाच्या फडाचे वर्णन वाचणे आणि फड पाहणे यात जे अंतर आहे तेच अंतर येथेही आहे, कारण प्रणाली ही चालताना अस्तित्वात येणारी गोष्ट आहे.

ब्रिटिश कंपनी सायॉनच्या यंत्रांविषयीही हेच म्हणता येईल. १९९७ च्या ‘सीरिज ५’ या यंत्राचे झाकण उघडताना कळफलक पुढे सरके आणि पडदा मागे कलून टेके, त्यामुळे मांडीवर ठेवून टंकलेखन करताना यंत्र कलंडत नसे. त्याच्यावर चालणाऱ्या प्रणालीतूनच पुढे १९९८ मध्ये सिंबियन ही कंपनी निघाली आणि तिची प्रणाली नोकियाच्या असंख्य फोनांतून भारतातही पोहोचली. ठाण्यातील ज्या माणसाने सायॉनचे नावही ऐकले नसेल त्यानेही त्या विचाराचा वंशज हातात धरलेला असू शकतो.

३. मजकूर नेमका कोठे असतो

पुनरुज्जीवनाचा खरा पेच यंत्र उघडल्यावर दिसतो. कपाटातून काढलेल्या यंत्राच्या सेलकप्प्यात पांढरट-हिरवट पापुद्रे साचलेले असतात. अल्कलाइन सेलमधून गळलेला हा क्षार कापसावर घेतलेल्या व्हिनेगरने विरघळतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसल्या की धातू पुन्हा चमकतो. सायॉनच्या सीरिज ५ मध्ये बिजागरीतून जाणारी पातळ रिबन वारंवार वाकून चिरते आणि पडद्यावर आडव्याउभ्या रेघा येतात. कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशन परिसरात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला अशी चिरलेली रिबन नवी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली जंपर मारणे, म्हणजे तुटलेली वाट केसाएवढ्या तारेने पुन्हा जोडणे, हे त्याचे रोजचे काम असते. झिजेची वाट उलटी चालण्याचे कौशल्य या शहरांत मुबलक आहे, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे.

मात्र पायलटसारखे यंत्र दुरुस्त होऊन चालू झाले तरी ते बहुधा रिकामे निघते. त्याची सगळी स्मृती सेलच्या विजेवर टिकून असे. सेल बदलताना मिनिटभरापेक्षा जास्त वेळ गेला तरी मजकूर पुसला जाण्याची भीती असे. म्हणून वीस वर्षे पडून राहिलेले यंत्र पडद्यावर टोचून लेखणीची जागा जुळवून घेण्यापासून सुरुवात करते, जणू आजच विकत घेतले आहे. मजकूर असतो तो दुसरीकडे: यंत्र ज्या संगणकाशी जोडले जाई त्याच्या तबकडीवर, जुळवणीच्या वेळी झालेल्या नकलेत. घरातला जुना संगणक भंगारवाल्याला देताना ती तबकडी तपासली नाही, तर पामटॉप जपून ठेवूनही हाती काही लागत नाही. उलट, ती फाइल सापडली तर ती आजही वाचता येते, कारण पामच्या फाइलीची बांधणी जाहीर होती: आरंभीचे ७८ बाइट मथळ्याचे, त्यातले पहिले ३२ नावाचे, पुढे नोंदींची यादी. हा तपशील माहीत असणारा माणूस साध्या साधनांनी तिच्यातील पत्ते आणि टिपणे बाहेर काढू शकतो. तो माहीत नसणाऱ्याला तीच फाइल निरर्थक चिन्हांची रास वाटते. यंत्र, फाइल आणि बांधणीचे ज्ञान यांपैकी एकही गळले तरी वाचन थांबते.

४. मोडीचा धडा

मराठी समाजाला या परिस्थितीची ओळख व्हायला परदेशी उदाहरणांची गरज नाही. शतकानुशतके मराठीचा दैनंदिन व्यवहार मोडीत चालला. छपाईत बाळबोध लिपी स्थिरावली, पुढे विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरीचे खरेदीखत, वाटणीपत्र, देवस्थानाचा हिशेब हे सगळे न वाचता येणारे कागद झाले. कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, भाषाही मराठीच होती. हरवली होती ती फक्त वाचण्याची रीत. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड जिल्ह्याजिल्ह्यांत भासली, आणि काल-परवापर्यंत हौस समजले जाणारे ज्ञान प्रशासनाची गरज बनले.

या अनुभवातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जुन्या लेखनाची गरज केव्हा आणि कोणत्या कारणाने उभी राहील हे आधी सांगता येत नाही. म्हणून ‘आज कोणाला लागते?’ हा प्रश्न जतनाची कसोटी होऊ शकत नाही. मोडीची काही जाणकार माणसे टिकून राहिली म्हणून निभावले. पामटॉपच्या बाबतीत मुदत आणखी आखूड आहे, कारण कागद तीनशे वर्षे वाट पाहतो आणि तबकडी तितकी पाहत नाही.

५. देवनागरीचा दुहेरी पेच

इंग्रजीत लिहिणाऱ्याचा मजकूर एकदा बाहेर काढला की वाचता येतो. मराठी माणसाचा प्रश्न तेथे संपत नाही. पाम किंवा सायॉनच्या यंत्रांत कंपनीने देवनागरीची सोय दिलेली नव्हती, आणि डिजिटल डायऱ्याही बहुधा रोमन अक्षरांच्याच असत. वापरणाऱ्याला मराठी नावे, पत्ते आणि टिपणे रोमन अक्षरांत लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या लेखनात ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ एक होऊन जात. भाषेच्या अभ्यासकाला ही विकृती वाटेल, पण मराठी माणसाने यंत्राशी केलेल्या तडजोडीचा तो अस्सल पुरावा आहे.

टेबलावरच्या संगणकाची स्थिती आणखी गुंतागुंतीची होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची प्रमाण संकेतप्रणाली, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा याचा तक्ता, १९८८ मध्ये तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने त्यावर मोठे काम केले. पण बाजारात जम बसला तो फॉन्टवर चालणाऱ्या पॅकेजांचा, आणि त्यांची अक्षरजुळणी एकमेकांशी जुळत नसे: एकात ज्या आकड्याला ‘क’ दिसे, त्याच आकड्याला दुसऱ्यात वेलांटी दिसे. १९९० च्या दशकात छापखान्यात जुळवलेली स्मरणिका आज उघडली आणि तो विशिष्ट फॉन्ट हाताशी नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच पायावर उभी राहिली आणि विंडोज २००० पासून ती सर्वसामान्य संगणकावर आली, तरी त्याआधीची मराठी आपोआप नव्या संकेतात आली नाही. वाऱ्यावर, दऱ्यांत, तऱ्हा यांतला ‘र’चा खास मराठी आकार तर रूपांतरात आजही अनेकदा बिघडतो. अशा मजकुराचे अचूक रूपांतर करायचे असेल तर मूळ पॅकेज मूळ संगणकावर चालवून दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहण्याइतकी भक्कम कसोटी दुसरी नाही. मराठीसाठी जुनी प्रणाली चालू ठेवणे म्हणजे शब्दकोश जवळ ठेवणे आहे.

६. सिम्प्युटर: भारतीय उत्तराचे अवशेष

भारतीय भाषांत चालणाऱ्या हातातल्या संगणकाचा भारतात सर्वांत गंभीर विचार ज्या यंत्रात झाला ते सिम्प्युटर आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे, आणि ही गोष्ट मनाला लागणारी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी एकत्र येऊन २००१ मध्ये ते जाहीर केले. साधा, स्वस्त आणि बहुभाषिक संगणक ही त्यामागची कल्पना नावातच गुंफलेली होती. २०६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, बोटाने किंवा लेखणीने चालणारा पडदा, लिनक्स ही खुली प्रणाली आणि स्मार्ट कार्डाची खाच अशी त्याची बांधणी होती. त्यातली खाच सर्वांत महत्त्वाची मानायला हवी: एक यंत्र गावाने विकत घ्यायचे, प्रत्येकाने फक्त स्वतःचे कार्ड बाळगायचे, आणि कार्ड घातले की यंत्र त्या माणसाचे व्हायचे. एका माणसाला एक यंत्र हे अमेरिकी गृहीतक येथे मुळातूनच बाजूला ठेवले होते.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने ‘अमिदा सिम्प्युटर’ विक्रीला आले, पण किंमत मूळ कल्पनेइतकी खाली आली नाही, विक्री अपेक्षेच्या जवळपासही पोहोचली नाही आणि मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त झाला. यावरून ‘भारतीयांना जमले नाही’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो, तो उथळ आहे. या यंत्राचा जो भाग खुला ठेवला गेला तो टिकला. लिहिलेला मजकूर वाचून दाखवणारी ‘ध्वनी’ ही प्रणाली सिम्प्युटरसाठी सुरू झाली, मुक्त परवान्याखाली आली, इतरांनी ती पुढे वाढवली आणि तिच्यात मराठीचीही भर पडली. यंत्र गेले, वाणी उरली. उरलेला भाग, म्हणजे पडद्यांची मांडणी आणि कार्डावर चालणारी सामाईक वापराची व्यवस्था, तपासायचा असेल तर चालू स्थितीतले सिम्प्युटर समोर हवे.

७. अपेक्षित आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर उपलब्ध आहेत, तेव्हा मूळ यंत्रे कशाला हवीत. आक्षेपात तथ्य आहे. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २०२२ मध्ये पामसाठी लिहिलेल्या शेकडो प्रणाली कोणालाही ब्राउझरमध्ये चालवता येतील अशा खुल्या केल्या आणि त्या कामाचे मोल मोठे आहे. पण एम्युलेटरला मूळ यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीची नक्कल लागते आणि ती कोणत्या तरी चालत्या यंत्रातूनच काढावी लागते. ज्या यंत्रांचे एम्युलेटर कोणी लिहिलेच नाहीत, आणि भारतीय यंत्रे बहुधा याच गटात मोडतात, त्यांच्या बाबतीत मूळ यंत्र हा एकमेव ग्रंथ आहे.

दुसरा आक्षेप ई-कचऱ्याचा. जुनी यंत्रे साठवणे म्हणजे विषारी कचरा घरात ठेवणे, अशी भीती व्यक्त होते. गळणारे आणि फुगलेले सेल काढून अधिकृत संकलकाकडे द्यायलाच हवेत, यात शंका नाही. परंतु प्रत्येक प्रकारची एक-दोन यंत्रे जपणे आणि टनावारी कचरा साठवणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय दुरुस्त केलेले यंत्र कचऱ्यात जात नाही, हे साधे सत्य या चर्चेत हरवते.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. १९५७ चा भारतीय प्रताधिकार कायदा संगणक प्रणालीला साहित्यकृती मानतो. त्याच्या कलम ५२ नुसार प्रणालीची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून तात्पुरती राखीव नक्कल करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयालाही जतनासाठी साहित्यकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याची मुभा दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असली पाहिजे. छापील पुस्तकाला ही अट सहज लागू होते. प्रणालीला बिगर-डिजिटल प्रत कधी नसतेच. याचा अर्थ, ज्या साहित्याला जतनाची निकड सर्वाधिक आहे तेच या सवलतीच्या शब्दांबाहेर पडते. ही फट हेतुपुरस्सर ठेवलेली वाटत नाही. ग्रंथालय म्हणजे छापील पुस्तके या जुन्या समजुतीतून ती आलेली दिसते आणि ‘बिगर-डिजिटल’ ही अट प्रणालींपुरती शिथिल केल्यास ती बुजू शकते. ग्रंथालयांच्या संघटनांनी ही मागणी आग्रहाने मांडायला हवी.

८. ग्रंथालयाचे टेबल

ग्रंथालयांपुढे जागेचा आणि पैशाचा प्रश्न आहेच. म्हणून मागणी संग्रहालयाच्या दालनाची नाही, एका टेबलाची आहे. त्यावर जुना सिरियल पोर्ट असलेला एक चालू संगणक, पाम आणि सायॉनच्या तारा, कार्ड वाचणारे साधन आणि जुनी मराठी पॅकेजे असावीत. आठवड्यातून एक दिवस स्टेशन परिसरातला एखादा कारागीर मानधनावर बसावा आणि नागरिकांनी आपापली यंत्रे व जुन्या तबकड्या घेऊन यावे. सार्वजनिक सेवांतली यंत्रेही येथे यावीत: एसटीच्या कंडक्टरच्या हातातील तिकिटांची पेटी जाऊन इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्र आले आणि पुढे त्याचीही जागा अँड्रॉइडवर चालणारे नवे यंत्र घेऊ लागले. सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर भाडे बसवणारी ती जुनी यंत्रे निकाली काढताना एक, आपल्या प्रणालीसह, अशा टेबलासाठी मागून घ्यावे.

घाई करण्याला कारण आहे. पामच्या प्रणालीत तारखेतले वर्ष १९०४ पासून मोजले जाते आणि त्यासाठी सातच बिट राखलेले असल्याने तिची दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ च्या पुढे जात नाही. त्याहूनही आधी ती यंत्रे वापरलेली पिढी थकेल, आणि कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट लागत असे, हे सांगणारे कोणी राहणार नाही. म्हणून टेबलावरच्या नोंदवहीत यंत्राचे नाव, प्रणालीची आवृत्ती, लागलेली तार आणि वापरलेला फॉन्ट यांच्या रकान्यांनंतर एक रुंद रकाना मोकळा सोडावा, आणि त्यात यंत्र आणून देणाऱ्याने ते कोठे, कशासाठी वापरले आणि त्यात काय लिहून ठेवले होते, ते त्याच्याच हाताने, शाईने लिहून घ्यावे.